तात्यांच्या आवाजात माझंच व्हय व्हय

कळंबा, कोल्हापूर
दिवाळीनंतरचा रविवार

तीर्थस्वरूप अक्काताई आत्तींच्या पायांशी अनेकांतचा वाकून नमस्कार आणि घरातल्या सर्वांचा जय जिनेंद्र.

इकडे सगळे ठीक आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून तसं लिहितो. कोण किती ठीक आहे ते पुढे येईलच. तुमचे गुडघे कसे आहेत? बसलं की उठवत नाही आणि उठलं की बसवत नाही, असं तुम्ही मागच्या पत्रात कळवलं होतं. त्यावर स्नेहलने तेल करून ठेवलंय. (स्नेहल म्हणजे माझी बायको. हे तुम्हाला माहीत आहे. पण आत्तीच्या पत्रात माझं नाव कधी येतच नाही अशी तिची तक्रार आहे, म्हणून मुद्दाम खुलासा केला. ती शेजारी उभी राहून वाचते आहे.) सदलग्यात पाऊस पाणी, ऊस, नातवंडं सगळं बरं असेल असं धरून चालतो.

आजच्या काळात पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण फोनवर आपलं बोलणं कसं होतं ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. मी माझं सांगतो, तुम्ही तुमचं सांगता, आणि दोन्हीकडून बरं बरं झालं की ठेवतो. तुम्हाला फोनवर नीट ऐकू जातो तो जगात एकच आवाज, तुमच्या धाकट्या भावाचा, म्हणजे आमच्या वडिलांचा. (तात्यासो सदलग्याला फोन लावतात तेव्हा मधे फोन कशाला लागतो, अशी आमच्या गल्लीची शंका आहे.) तुमच्या अरिहंतच्या मोबाइलवर निरोप पाठवावा, तर तो तुम्हाला सांगायच्या आधी तात्यांनाच फोन करून खरं-खोटं विचारेल. आणि तात्यांनी तर मला बजावून ठेवलंय की अक्काला यातलं एक अक्षर कळता कामा नये. म्हणून मी अक्षरं लिहूनच पाठवतो आहे.

तर घाबरू नका. तात्यांच्या गळ्यात एक गाठ निघाली आहे. सगळ्या तपासण्या झाल्या, जिवाला धोका नाही असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय, पुढल्या महिन्यात ऑपरेशन आहे. प्रश्न एवढाच आहे की गाठ आवाजाच्या जागेवर बसली आहे. ऑपरेशननंतर बोलता येईल, पण आवाज हा असा राहणार नाही. कदाचित कानाशी बोलल्यासारखा, हवेचा तेवढा येईल. तात्यांनी मात्र डॉक्टरांना विचारलं, "जीव ऱ्हातोय न्हवं? मग आवाजाचं काय लोणचं घालायचंय?" हे त्यांनी विचारलं ते त्या मजल्यावरच्या सगळ्या पेशंटांना ऐकू गेलं. डॉक्टरांनी लगेच ओरडायची बंदी घातली. साधं बोललेलं चालेल म्हणाले. तात्या म्हणाले, मी साधंच बोलतोय की.

आत्ती, मला ते लोणच्याचं पटलं नाही. ज्या आवाजाने गुळाच्या सौद्यात उभं राहून आयुष्यभर बोली पुकारली, ज्या आवाजाला बिचकून मी पाढे पाठ केले, तो असा निघून जाणार आणि घरात त्याचा मागमूस राहणार नाही? मी ठरवलं की ऑपरेशनच्या आधी तात्यांना कॅमेऱ्यासमोर बसवायचं आणि सगळं बोलून घ्यायचं. मोबाइलवर नको, चांगलं करू, म्हणून कॅमेरा घेतला आणि त्याच्या डोक्यावर बसवायचा वेगळा माईक घेतला. दुकानदार सम्राट नावाचा तरणा गडी होता. तो म्हणाला, "पावणं, ह्यो माईक लावा, सुई पडली तरी आवाज ईल." तो खोटं बोलला नाही हे मला आधी कबूल केलं पाहिजे. आमच्या घरात पडलेली प्रत्येक सुई, वाटी, झाकण आणि उलथणं त्या माईकने पकडलेलं आहे. पकडले नाहीत ते फक्त तात्या.

पहिल्या दिवशी तात्या कोट घालून, टोपी सारखी करून सोप्यात खुर्चीवर बसले. मी समोरच्या भिंतीला कॅमेरा लावून मागे उभा राहिलो. लांबून घेतलं की कोट पूर्ण येतो, हा माझा विचार. कॅमेऱ्याची लाल टिकली पेटली आणि तात्यांनी सुरुवात केली, "माझा जन्म एका सर्वसामान्य शेतकरी कुटुंबात झाला." आत्ती, हे आपले तात्या नव्हेतच. आकाशवाणीवरून कोणी सत्काराला उत्तर देतो आहे असं वाटत होतं. शिवाय ओरडायचं नाही हे नेमकं त्याच वेळी त्यांना आठवलं होतं. एवढं एक वाक्य बोलून ते थांबले आणि माझ्याकडे बघत बसले. का थांबले ते तुम्हाला सांगायला नको. आपल्या घरात कोणी सांगायला लागलं की ऐकणाऱ्याने वाक्यागणिक "व्हय" म्हणायचं असतं. तो नाही मिळाला की सांगणारा समजतो, हा झोपला किंवा याला पटलं नाही. मी सवयीने म्हणालो, "व्हय." ते पुढे निघाले. मग मी व्हय म्हणत गेलो आणि ते बोलत गेले, आणि चांगला तास झाल्यावर आम्ही दोघंही समाधानाने उठलो.

रात्रीच्या आधी जेवणं आटोपून (सूर्य मावळायच्या आत ताट उचललं गेलं नाही तर तात्यांची बोली आजही सुरू होते) आम्ही ते लावून बघितलं. माईक कॅमेऱ्यावर, कॅमेरा माझ्या नाकासमोर. त्यामुळे माझा प्रत्येक "व्हय" देवळातल्या घंटेसारखा खणखणीत, माझा श्वास, माझ्या पोटातली गुरगुर, मी पाय बदलला तो आवाज, सगळं स्पष्ट. आणि तात्या मात्र विहिरीच्या तळातून काहीतरी पुटपुटताहेत. त्यात ते थांबले की पंखा मोठा होतो. (ही त्या कॅमेऱ्याची सोय आहे म्हणे. समोरचा गप्प झाला की त्याला वाटतं आपलं काहीतरी ऐकायचं राहिलं, म्हणून तो आपणहून आवाज वाढवतो, आणि मग पंखा, फ्रीज आणि शेजारची गिरणी सगळी घरात येऊन बसतात.) आदिती कॉलेजातून आली होती. तिने थोडं ऐकलं आणि म्हणाली, "पप्पा, हे तुमचंच चरित्र वाटतंय, आजोबा पाहुणे कलाकार हायत."

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी सुट्टी काढून या विषयाचा अभ्यास केला. निष्कर्ष असा निघाला की पंखा बंद, फ्रीज बंद, खिडकी बंद आणि मी बंद. दुसऱ्या दिवशी मी हे सगळं अमलात आणलं. घामाघूम तात्यांनी एक वाक्य टाकलं, मी नुसती मान डोलावली. ते थांबले. मी आणखी जोरात डोलावली. "झोप लागली काय रं?" ते म्हणाले. मी हातानेच सांगितलं, बोला बोला. "तोंडात काय धरलंयस? मला बोलायला लावून ह्यो मुका झालाय बघा," असं त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून सांगितलं आणि उठून गेले. त्या दिवसाचं एकूण उत्पन्न एवढंच. फ्रीज पुन्हा चालू करायचा राहिला तो वेगळा विषय आहे. श्रीखंडासाठी ठेवलेल्या चक्क्याचं जे झालं त्याबद्दल स्नेहलला स्वतः तुम्हाला लिहायचं होतं, पण मी जागा कमी आहे असं सांगितलं.

मग मला युक्ती सुचली (अशा युक्त्या मला दुपारी जेवणानंतर सुचतात). व्हय म्हणणारा माणूस कॅमेऱ्याच्या मागे कशाला हवा, तात्यांच्या शेजारीच बसवू. शेजारचे बाळासो रिकामे होते. त्यांना नीट समजावून सांगितलं की तुम्ही फक्त हळू व्हय म्हणायचं. या खेपेला कॅमेराही जवळ आणला होता. माणसाने पहिली काही वाक्यं इमानाने व्हय म्हटलं. मग तात्यांच्या बोलण्यात म्हशीचा विषय आला आणि बाळासो म्हणाले, "व्हय, पण तात्या, आमच्या म्हशीचं ऐका की." आता माझ्याकडे बाळासोंची म्हैस कशी अडली, डॉक्टर कसा गारगोटीला गेलेला होता आणि शेवटी रेडकू कसं झालं याची अतिशय सुरेख नोंद आहे. आवाज एकदम स्वच्छ. त्यात मधूनमधून कोणीतरी भरदार गळ्याने "व्हय, व्हय" म्हणतं, ते आपले तात्या.

आत्ती, हसू नका. मला त्या दिवशी खरंच रडू यायचं बाकी होतं. दिवस जात होते आणि तात्यांच्या आवाजाला मधेच खरखर लागायला लागली होती. मी म्हटलं, आता गप्पा नकोत, तात्या, तुम्ही सौद्यातली बोलीच एकदा पुकारून दाखवा, हळू. माईक अगदी त्यांच्या हनुवटीजवळ नेला. माईकवर वारा लागू नये म्हणून घालायची एक केसाळ टोपी मिळते, ती घातली होती. तात्यांनी तिच्याकडे बघितलं. "हे चावतंय काय?" म्हणाले. नाही म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले, आणि हळू वगैरे सगळं विसरून एकच बोली अशी पुकारली की गल्लीतली दारं उघडली. बाळासोंनी खिडकीतून वाढीव भाव सांगितला. मला क्षणभर मी लहान असून गुळाच्या ढेपांमधे उभा आहे असं वाटलं. नंतर ऐकलं तर सगळा आवाज फाटलेला; नुसता कडकड असा जुना कपडा टरकावल्यासारखा. आणि तात्या त्या एका बोलीवर दोन दिवस घसा धरून बसले. ही चूक सर्वस्वी माझी. स्नेहलने मला त्यावर जे सुनावलं ते तुम्ही इथे असता तर तुम्हालाही ऐकू गेलं असतं.

ती टोपी पुढे मांजराने नेली. तिला ती उंदीर वाटली की पिल्लू हे कळायला मार्ग नाही, कारण ती घेऊन माडीवर बसते आणि कोणाला जवळ येऊ देत नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो. गेल्या आठवड्यात तात्या म्हणाले, घरात कोंडल्यासारखं होतंय, मळ्यात जाऊ. घराबाहेर गल्लीत तशीही काही बोलायची सोय उरलेली नव्हती. उसाचे ट्रॅक्टर सुरू झालेत आणि प्रत्येकाच्या बोनेटवर गाण्याचे डबे आहेत. मळ्यात विहिरीच्या कट्ट्यावर आम्ही दोघं बसलो. मी कॅमेरा मांडीवर ठेवून चालू केला, काही विचारलं नाही. आणि आत्ती, तात्या आपण होऊन बोलायला लागले. गोवर येऊन गेल्यावर तुमचं ऐकणं कमी झालं तेव्हाचं. शाळेत एकच मास्तर, सगळे वर्ग एका खोलीत, आणि मास्तर फळ्याकडे तोंड करून शिकवायचे. तुम्हाला काही कळायचं नाही आणि तुम्ही घरी येऊन माळ्यावर बसून रडायचा. मग तात्या तुमच्या शेजारी येऊन बसायला लागले आणि मास्तरांचं प्रत्येक वाक्य तुमच्या कानाशी मोठ्याने पुन्हा म्हणायला लागले. मास्तरांनी कान पिळले, बाकावर उभं केलं. तर तात्या बाकावरून ओरडून सांगायला लागले. शेवटी मास्तरच कंटाळले. "तवापास्नं ह्यो आवाज," तात्या म्हणाले. "अक्काला ऐकू जाईल असं बोलायची सवय लागली. पुढं लोकं म्हणाली आवाज हाय, सौद्यात उभा कर. अक्काच्या कानावर आमचं घर चाललं बघ."

मी त्या वेळी व्हय म्हणालो नाही. आणि ते थांबलेही नाहीत, उसाकडे बघत बोलत राहिले. मला आजवर वाटायचं की तात्या मोठ्याने बोलतात कारण ते रागीट आहेत.

घरी येऊन लावलं. टोपी माडीवर मांजराकडे, त्यामुळे माईकमधे नुसता वारा. कढईत सारखं काहीतरी तळत असावं तसा आवाज, आणि चित्रात तात्यांचे ओठ हलताहेत. आदितीने कॉम्प्युटरवर बसून वारा काढून बघितला. वारा गेला आणि त्याबरोबर तात्याही गेले. मी त्यांच्या पाया पडून म्हणालो, तेवढं एकदा पुन्हा सांगा. ते म्हणाले, "एकदा सांगितलं की. आता मोडलेला सौदा परत लावू व्हय?" त्यानंतर ते त्या विषयावर बोललेले नाहीत.

बाकी विशेष काही नाही. पाडव्याला स्नेहलच्या भावाने गाडी घेतली. आदितीचा अभ्यास बरा चाललाय. तुम्ही काळजी करू नये, तब्येतीला जपावं, आणि हे पत्र वाचून झाल्यावर अरिहंतच्या हाती लागू देऊ नये. आपला नम्र भाचा,

अनेकांत

ता.क. हे पत्र काळजी करू नये म्हणून लिहिलेलं नाही. तुम्ही यावं म्हणून लिहिलंय, ऑपरेशनच्या आधी, आणि चार दिवस राहायच्या बोलीवर. तात्यांची ताकीद मोडल्याबद्दल काय ऐकून घ्यायचं ते मी घेईन. पण एक विनंती आहे. अरिहंतने तुम्हाला कानाचं मशीन आणून दिलंय आणि तुम्ही ते रेशमी साडीच्या घडीत ठेवून दिलंय, हे आम्हाला कळलंय. त्यात भांडी, नळ, पंखा आणि सुनेची चप्पल सगळं ऐकू येतं, फक्त माणसाचं बोलणं येत नाही, असं तुम्ही म्हणाला होता. तेव्हा मला तो तुमचा हट्ट वाटला होता. आता तसं वाटत नाही. गेला महिनाभर मी तेच मशीन कॅमेऱ्याच्या डोक्यावर घेऊन फिरलो आहे. ते सगळंच ऐकतं, आपल्याला काय हवंय ते त्याला कळत नाही. पण त्याची रीत मला आता समजली आहे. बोलणाऱ्याने दोन हातांच्या आत समोर बसायचं, पंखा बंद, फ्रीज बंद, वाऱ्याला पाठ द्यायची, एका वेळी एकानेच बोलायचं आणि बाळासोंना बोलवायचं नाही. मी सगळी व्यवस्था करतो. स्नेहलने चक्का वेगळ्या ठिकाणी ठेवायचं मान्य केलंय.

पुन्हा ता.क. हे लिहायला मी आजच का बसलो ते राहिलं. परवा दुपारी वीज गेली होती. मी कॅमेरा जेवणाच्या टेबलावर ठेवून दुकानात गेलो आणि माझ्या नेहमीच्या व्यवस्थितपणाने तो बंद करायला विसरलो. काल तो पुसायला घेतला तेव्हा ऐकलं. पंखा नाही, फ्रीज नाही, ट्रॅक्टर नाही, मी नाही. तात्या टेबलाशी येऊन बसल्याचा आवाज आहे. टोपी काढून ठेवतात, घसा साफ करतात. मग अगदी हळू, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसा नुसत्या हवेचा आवाज काढून म्हणतात, "अक्का, ऐकू येतंय काय?" थोडं थांबतात. "आत्ता?" पुन्हा थांबतात, अंमळ मोठ्याने करून बघतात, पुन्हा खाली आणतात. असं बराच वेळ. मधे स्नेहल चहा घेऊन येते तेव्हा साखर कमी घाल म्हणून नेहमीच्या आवाजात ओरडतात, ती गेली की परत सुरू. मला वाटत होतं त्यांना आवाजाचं काही वाटत नाही. बाकीच्यांचं वाटत नाहीच त्यांना. आम्ही जवळ जाऊन ऐकू, हे त्यांना माहीत आहे. इतक्या दिवसांत त्या माईकने स्वच्छ पकडलेलं तेवढंच आहे. अरिहंतच्या मोबाइलवर तुम्हाला ते पाठवता आलं असतं, पण त्यात नुसता प्रश्न आहे. आत्ती, मशीन घालून या, आणि समोर बसून त्यांना सांगा, येतंय म्हणून.